बळ आणि दम : व्यायामाची योग्य वाटणी

डिसेंबर २०१८ मध्ये जालन्यात महाराष्ट्र केसरी किताबाची कुस्ती स्पर्धा भरली होती. अंतिम लढतीत आदल्या वर्षीचा महाराष्ट्र केसरी अभिजित कटके आणि बुलढाण्याकडून उतरलेला बाला रफिक शेख समोरासमोर आले. बाला रफिकने ११-३ अशा गुणांनी ती कुस्ती जिंकली आणि मानाची गदा खांद्यावर घेतली. अशा लढतीला एकूण सहा मिनिटे मिळतात. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. ऐकताना हा वेळ फार थोडा वाटतो. परंतु शंभर किलोंच्या आसपास वजन असलेल्या प्रतिस्पर्ध्याला रेटणे, त्याचा डाव परतवणे आणि लगेच स्वतःचा डाव टाकणे हे सहा मिनिटे अखंड करायचे, तर नुसते दंड बळकट असून भागत नाही. छाती धपापू लागली की पकड सुटते. मग अंगातले बळ अंगातच राहते.

म्हणूनच जुन्या तालमींनी बळ आणि दम यांना कधी वेगळे केले नाही. पहाटेचे धावणे, जोर, बैठका, दोरीवर चढणे, हौद्यातली माती उकरणे आणि शेवटी लढती, असा तो क्रम असे. एकाच सकाळी स्नायूंनाही काम आणि हृदयालाही काम. आजच्या जिममध्ये मात्र एका भिंतीशी डंबेल्स आणि बारबेल, तर दुसऱ्या कोपऱ्यात ट्रेडमिल आणि सायकल, अशी मांडणी असते. वजन उचलणारे आणि ट्रेडमिलवर चालणारे हे जणू दोन वेगळे पंथ झाले आहेत. दम वाढवणाऱ्या व्यायामाला तिथे ‘कार्डिओ’ म्हणतात, आणि वजन उचलणारी बहुतेक तरुण मंडळी त्यापासून शक्य तितकी दूर राहतात.

एकाच घरातली दोन अर्धी उत्तरे

जालन्याच्या व्यापारी वस्तीत हे चित्र सहज दिसते. वडील वर्षानुवर्षे पहाटे मोतीबागेत फिरायला जातात. चार फेऱ्या, थोड्या गप्पा, आणि दहाच्या सुमारास मोंढ्यातल्या गादीवर हजर. त्यांचा दम चांगला आहे, परंतु पाच-दहा किलोंची पिशवी उचलताना कंबर धरते आणि जमिनीवर बसल्यावर हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठता येत नाही. मुलगा सकाळी सहाला जिममध्ये जातो. त्याची छाती भरलेली आहे, दंड शर्टाच्या बाहीत मावत नाहीत, परंतु तो कधी धावत नाही. धावल्याने कमावलेले ‘मसल’ गळतात, असे त्याला कोणीतरी सांगितले आहे.

मग एखाद्या वर्षी सारे कुटुंब पालीताण्याला जाते. शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्यांपैकी पहिल्या पाचशेतच मुलाला धाप लागते आणि तो कठड्यावर बसतो. साठी ओलांडलेली आई हातातली काठी टेकत, सावकाश पण न थांबता त्याच्या पुढून निघून जाते. घरात पुढे काही दिवस हा विनोदाचा विषय होतो. खरे पाहता तो विनोदाचा विषय नाही. पंचवीस वर्षांच्या मुलाचे हृदय जिना चढताना जे सांगत असते, ते पन्नाशीत अधिक कठोर शब्दांत सांगते.

भारतीयांच्या बाबतीत ही सूचना लवकर घेणे आवश्यक आहे. अनेक देशांत मिळून झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासातील दक्षिण आशियाची माहिती २००७ साली प्रसिद्ध झाली. त्यानुसार भारत आणि शेजारी देशांत पहिला हृदयविकाराचा झटका येण्याचे सरासरी वय ५३ होते. इतर देशांत ते जवळपास ५९ होते. म्हणजे सुमारे सहा वर्षांचा फरक. त्रेपन्नाव्या वर्षी व्यापाऱ्याचा व्यवसाय भरात असतो, मुलांची लग्ने व्हायची असतात, घेतलेले कर्ज फेडायचे असते. त्या वयात घरातला कर्ता पुरुष अंथरुणाला खिळणे म्हणजे काय, हे ज्या कुटुंबांनी भोगले आहे त्यांना समजावून सांगावे लागत नाही.

गादीवर बसलेला आणि जिना चढणारा

बसून काम करण्याचा हृदयाशी काय संबंध आहे, हे पहिल्यांदा ठळकपणे दाखवले ते लंडनच्या दुमजली बसगाड्यांनी. जेरी मॉरिस या वैद्यकीय संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांसह तेथील सुमारे ३१ हजार वाहतूक कर्मचाऱ्यांच्या आरोग्याची तपासणी केली आणि १९५३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. चालक दिवसभर आसनावर बसून असत. वाहक तिकिटे देत दिवसातून शेकडो पायऱ्या चढत-उतरत. घरे त्याच शहरातली, नोकरी त्याच संस्थेतली. परंतु हृदयविकार वाहकांमध्ये कमी आढळला, आणि झालाच तर अधिक उशिरा व कमी घातक स्वरूपाचा. पुढे मॉरिस यांनी गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालक मुळातच कमरेने रुंद असल्याचेही दिसले. म्हणजे सगळा फरक जिन्याचाच होता असे नाही. तथापि टपाल खात्यातही पायी आणि सायकलवरून पत्रे वाटणारे पोस्टमन हे टेबलाशी बसणाऱ्या कारकुनांपेक्षा सुरक्षित निघाले, आणि त्यानंतरच्या दशकांतील संशोधनाने या मूळ विचाराला बळकटीच दिली.

मोंढ्यातील आडत दुकानात हेच दोन प्रकार शेजारी-शेजारी दिसतात. गादीवर बसून हिशेब पाहणारा मालक हा लंडनच्या बसचा चालक, आणि दिवसभर पोती वाहणारा हमाल हा त्याच बसचा वाहक. आता मालकाच्या मुलाने सकाळी तासभर वजने उचलली, तरी उरलेला दिवस त्याचा गादीवरच जातो. वजन उचलताना एका सेटला अर्धा-पाऊण मिनिट लागते आणि मग दोन-तीन मिनिटे विश्रांती असते. त्यात स्नायूंवर मोठा ताण येतो, परंतु हृदयाला सलग काम मिळत नाही. सलग वीस-तीस मिनिटे वाढलेल्या गतीने रक्त फिरवण्याची सवय हृदयाला लावायची, तर त्यासाठी चालणे, धावणे, पोहणे किंवा सायकल हेच मार्ग आहेत.

‘मसल गळतात’ ही भीती आली कोठून?

ही भीती निराधार नाही. तिच्यामागे एक खरा प्रयोग आहे. रॉबर्ट हिक्सन हे अमेरिकेतील तरुण संशोधक स्वतः वजने उचलणारे होते. सेंट लुईस येथे जॉन होलोझी या ज्येष्ठ शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत ते काम करीत. होलोझी रोज धावायला जात. हिक्सनही त्यांच्यासोबत धावू लागले. काही काळाने आपले स्नायू आटत आहेत, असे त्यांच्या ध्यानात आले. पुढे शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठात स्वतःची प्रयोगशाळा मिळताच त्यांनी याच प्रश्नाचा छडा लावला आणि १९८० साली निष्कर्ष मांडले.

त्यांनी तीन गट केले. पहिला गट आठवड्यातून पाच दिवस केवळ वजने उचली. दुसरा सहा दिवस रोज चाळीस मिनिटे केवळ दमाचा व्यायाम करी. तिसरा गट ही दोन्ही कामे पूर्ण प्रमाणात करी. प्रयोग दहा आठवडे चालला. तिसऱ्या गटाची ताकद सुमारे सातव्या आठवड्यापर्यंत वाढत गेली, मग थबकली आणि शेवटच्या दोन आठवड्यांत उतरली. दम मात्र दुसऱ्या गटाइतकाच वाढला. म्हणजे ताकदीच्या व्यायामाने दमाचे काही बिघडले नाही, परंतु दमाच्या अतिरेकाने ताकदीची वाढ अडली.

या प्रयोगाचा निष्कर्ष जिमच्या भिंतींपर्यंत पोहोचला, पण त्यातले प्रमाण वाटेतच गळून पडले. हिक्सन यांचा तिसरा गट आठवड्यातून अकरा वेळा कठोर व्यायाम करीत होता. दुकान सांभाळून आठवड्यातून तीन दिवस जिमला जाणाऱ्या तरुणाने तीन-चार वेळा अर्धा तास झपझप चालणे आणि तो प्रयोग, यांची तुलनाच होऊ शकत नाही. त्यानंतर या विषयावर पुष्कळ काम झाले. २०२२ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात दोन्ही व्यायाम सोबत केल्याने स्नायूंचा आकार आणि कमाल ताकद यांच्या वाढीत अडथळा येत असल्याचे दिसले नाही. झटक्यात जोर लावण्याची क्षमता मात्र थोडी कमी वाढते, आणि तेही विशेषतः दोन्ही व्यायाम एकाच बैठकीत केल्यास.

हा थोडासा तोटाही कोणाला महाग पडतो? २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात एकूण २४८ किलो वजन उचलून रौप्यपदक मिळवले. पानाची टपरी चालवणाऱ्या कुटुंबातला हा मुलगा. सुवर्णपदक विजेत्याने २४९ किलो उचलले होते. अवघ्या एका किलोचा फरक. त्याच स्पर्धेत जालन्याला लागून असलेल्या बीड जिल्ह्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळेने तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यतीत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक जिंकले. त्याचे सुवर्ण सेकंदाच्या विसाव्या भागाने हुकले. एक किलो आणि सेकंदाचा विसावा भाग ज्यांच्या नशिबाचा निर्णय करतात, त्यांनी एकाच गुणाचा ध्यास घ्यावा, हे योग्यच आहे. दुकानात बसणाऱ्या माणसाला मात्र पदक जिंकायचे नसते. त्याला सत्तरीतही स्वतःच्या पायांनी जिना चढायचा असतो आणि नातवाला कडेवर घ्यायचे असते. त्यासाठी बळ आणि दम दोन्ही लागतात.

मुलाच्या दृष्टीने आणखी एक लाभ आहे. ज्याचा दम चांगला, त्याला दोन सेटच्या मधल्या विश्रांतीत लवकर उभारी येते. त्यामुळे शेवटचे सेटही नीट निभतात. म्हणजे कार्डिओमुळे त्याचा वजनांचा व्यायाम सुधारण्याचीच शक्यता अधिक.

आठवड्याची मांडणी

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचा दमाचा व्यायाम करावा. शिवाय किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. मध्यम म्हणजे काय, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. जोराच्या व्यायामात दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो. नाडी मोजायची असल्यास २२० मधून वय वजा करावे. चाळीस वर्षांच्या माणसाचा आकडा १८० येतो, आणि मध्यम व्यायामात त्याची नाडी साधारण ११५ ते १३७ असावी. हा हिशेब ढोबळ आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी मंदावते. अशा वेळी आकड्यापेक्षा बोलण्याची खूण अधिक विश्वासाची.

वजने उचलणाऱ्या तरुणाने आठवडा असा बांधावा :

सोमवार : वजनांचा व्यायाम ४० मिनिटे, त्यानंतर १५ मिनिटे झपझप चालणे.

मंगळवार : केवळ ३० मिनिटे झपझप चालणे किंवा सायकल.

बुधवार : सोमवारप्रमाणे.

गुरुवार : स्थिर सायकलवर एक मिनिट जोरात आणि दोन मिनिटे सावकाश, अशी आठ आवर्तने. एकूण २४ मिनिटे. त्याआधी व नंतर पाच-पाच मिनिटे अगदी संथ.

शुक्रवार : सोमवारप्रमाणे.

शनिवार : विश्रांती.

रविवार : एक तास मोकळ्या हवेत सलग चालणे.

गुरुवारचा जोराचा भाग धरून यात दमाच्या व्यायामाची मात्रा सहज पूर्ण होते, आणि वजनांचा एकही दिवस कमी करावा लागत नाही. रविवारच्या तासासाठी जालनेकरांना मुद्दाम काही शोधावे लागत नाही. अंगारकीला जालन्याहून राजूरच्या गणपतीला पायी जाणाऱ्यांची रीघ लागते, हे सर्वांच्या पाहण्यातले आहे. साधू-साध्वींच्या विहारात पहाटे काही किलोमीटर सोबत चालणारे युवक तर सेवेसोबत नकळत उत्तम दमही कमावतात.

क्रमाचे तीन नियम लक्षात ठेवावेत. पहिला, दोन्ही व्यायाम एकाच वेळी करायचे असल्यास आधी वजने आणि मग चालणे. दमलेल्या पायांनी स्क्वॉट किंवा डेडलिफ्ट करताना ठेवण बिघडते आणि कंबर दुखावते. व्यायामापूर्वी पाच मिनिटे अंग गरम करणे वेगळे, ते अवश्य करावे. दुसरा, पायांच्या वजनाच्या व्यायामानंतर त्याच दिवशी जोराने धावू नये. धावण्यात प्रत्येक पावलाला स्नायूंना हादरा बसतो, सायकलमध्ये तो बसत नाही. म्हणून ताकद जपायची असेल तर सायकल अधिक सोयीची. तिसरा, दोन्ही व्यायाम जोराचे असतील तर त्यांच्यात सहा तासांचे अंतर ठेवावे, किंवा ते वेगवेगळ्या दिवशी करावेत.

ज्याने कधीच कार्डिओ केला नाही, त्याने पहिले दोन आठवडे दहा-दहा मिनिटांपासून सुरुवात करावी आणि दर आठवड्याला थोडीच वाढ करावी. गुरुवारची जोराची आवर्तने महिनाभर साधे चालणे अंगवळणी पडल्यावरच सुरू करावीत.

वडिलांसाठी हीच मांडणी उलट बाजूने लागू होते. मोतीबागेतील फेऱ्या सोडू नयेत, फक्त त्यांतील काही झपझप घ्याव्यात. आठवड्यातून दोन दिवस वीस मिनिटे बळाचे व्यायाम जोडावेत. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात लावून जोर, दोन-तीन किलोंचे डंबेल्स, जिन्याच्या पायरीवर टाचा उंचावणे. तिशीनंतर दर दशकाला स्नायू थोडे-थोडे घटत जातात. मधुमेही व्यक्तीला हे विशेष नडते, कारण जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायूच उचलतात. घरातील स्त्रियांनीही घरकामालाच व्यायाम समजून थांबू नये. रजोनिवृत्तीनंतर हाडे झपाट्याने विरळ होतात आणि वजनाचा व्यायाम ती टिकवण्यास मदत करतो. सासू-सुनांनी मिळून आठवड्यातून दोनदा अर्धा तास दिला, तरी तो निभतो आणि दोघींनाही सोबत मिळते.

पाणी, उपवास आणि आहार

जैन कुटुंबांत व्यायामाची वेळ ठरवताना एक गोष्ट इतरांपेक्षा वेगळी असते. चौविहार पाळणारी व्यक्ती सूर्यास्तापासून पाणीही घेत नाही आणि नवकारसीमुळे सकाळी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी पहिला घोट घेते. जालन्यात मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे जातो. अशा दिवसांत रात्रभर पाणी नसताना पहाटे जड वजने उचलणे किंवा धावणे म्हणजे चक्कर, पायात गोळे आणि मूत्रपिंडावर ताण यांना आमंत्रण. नियम पाळणाऱ्यांनी पहाटे केवळ संथ चालणे ठेवावे आणि कठोर व्यायाम नवकारसी पाळून, पाणी पिऊन, त्यानंतर करावा. उन्हाळ्यात सूर्योदय लवकर असल्याने हे दुकानाच्या वेळेआधी बसते. उपवास, आयंबिल ओळी किंवा दीर्घ तपाच्या दिवसांत वजने पूर्ण बाजूला ठेवावीत. आठ-दहा दिवसांच्या विश्रांतीने कमावलेली ताकद जात नाही. पारण्यानंतर अर्ध्या वजनापासून हळूहळू पूर्वपदावर यावे.

चौविहाराचा एक लाभही आहे. संध्याकाळचे जेवण लवकर आटोपते. त्यानंतर पंधरा मिनिटे चालल्यास जेवणानंतर चढणारी साखर आटोक्यात राहते.

वजने उचलणाऱ्याला दर किलो वजनामागे सुमारे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने लागतात. ७० किलोंच्या तरुणाला दिवसाला ८४ ते ११२ ग्रॅम. शाकाहारात ती मिळत नाहीत, हा समज हिशेब न केल्यामुळे टिकून आहे. अर्धा लिटर दुधातून साधारण १६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमधून १८, दिवसभरातील १०० ग्रॅम कोरड्या डाळी-कडधान्यांतून २२, मूठभर शेंगदाण्यांतून ७, २०० ग्रॅम दह्यातून ७ आणि २०० ग्रॅम ज्वारी-गव्हाच्या पिठातून २० ग्रॅम. ही बेरीज ९० पर्यंत जाते. द्विदल टाळणाऱ्यांनी दही आणि डाळी वेगवेगळ्या वेळी घ्याव्यात. डब्यातील पावडरची गरज यानंतर फारशी उरत नाही. ती घ्यायचीच असेल तर वेष्टनावरील हिरवे चिन्ह पाहावे. अनेक कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनवलेले असते. काही व्हे पावडरच्या मुळाशी असलेल्या चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट वापरलेले असू शकते. लवकर शरीर कमावण्यासाठी दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनांना तर हातही लावू नये. त्यांनी रक्तदाब वाढतो, कोलेस्टेरॉल बिघडते आणि हृदयाची भिंत जाड होते.

आधी तपासणी, मग वजन

चाळिशी ओलांडलेल्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या, धूम्रपान करणाऱ्या, अथवा वडील-भावांना कमी वयात हृदयविकार झालेल्या व्यक्तीने जड वजने किंवा जोराचा कार्डिओ सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने उपाशीपोटी कठोर व्यायाम करू नये.

वजन उचलताना श्वास रोखू नये. उचलताना सोडावा, खाली ठेवताना घ्यावा. १९८५ साली कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात वजने उचलणाऱ्या निरोगी तरुणांचा रक्तदाब थेट धमनीत मोजला गेला. दोन्ही पायांनी जड वजन ढकलताना तो सरासरी ३२०/२५० पर्यंत चढला होता. निरोगी तरुणाच्या धमन्या क्षणभर हे सोसतात. कोणताही उपचार न घेतलेल्या रक्तदाबाच्या रुग्णाने ती परीक्षा पाहू नये.

छातीवर दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, अकारण घाम, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही जाणवल्यास व्यायाम तत्काळ थांबवावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ‘गॅस झाला असेल’ असे म्हणून गाडी स्वतः चालवत घरी जाण्याची चूक फार जणांना भोवली आहे.

एवढी काळजी घेतली, तर बाकीची गोष्ट अवघड नाही. मुलाने आठवड्यातून दोन पहाटे वडिलांसोबत मोतीबागेत जावे आणि त्यांच्या गप्पांच्या चालीने नव्हे, स्वतःच्या झपाट्याने चालावे. वडिलांनी दोन संध्याकाळी मुलाचे हलके डंबेल्स हाती घ्यावेत आणि श्वास केव्हा सोडायचा हे त्याच्याकडून शिकावे. असे सहा महिने झाले की यात्रेला निघावे. शत्रुंजयाच्या पायऱ्यांवर आई तेव्हाही कदाचित पुढेच असेल. मुलगा मात्र कठड्यावर बसलेला नसेल. आईची पिशवी खांद्याला अडकवून तो तिच्या मागोमाग चढत असेल.